एकाच चौकातली पोरं

कोल्हापूरच्या आमच्या बोर्डिंगात आडनावानं हाक मारायची पद्धत नव्हती. रात्रीच्या हजेरीला मुरगूड, नेसरी, आजरा, बाजारभोगाव, निपाणी अशी गावंच 'हजर' म्हणायची. एका गावचे दोघे निघाले तर एक थोरला नेसरी, दुसरा धाकटा नेसरी. पुढं कैक वर्षांनी जुन्या सोबत्यांची शोधाशोध सुरू झाली तेव्हा कित्येकांची नावं आठवेनात, पण गावं पक्की ध्यानात होती. आणि आमच्याकडं गाव ठाऊक असलं की माणूस सापडतोच. दूध संस्थेत विचारावं, स्टँडवरच्या पानपट्टीत विचारावं. "कोल्हापुरात बोर्डिंगला होता, डाव्या हातानं लिहायचा" एवढी खूण पुरते. कुणीतरी म्हणतंच, "अहो, ते आमचे थोरले चुलते."

*

पहिला फोन असाच लागला.

"कोण बोलतंय?"

"आजरा."

"कुठला आजरा?" मग क्षणभर काहीच नाही. मग एकदम, "आरं मर्दा! हाईस कुठं तू?"

पलीकडचा गृहस्थ सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. घरात शुद्ध, मोजकं बोलणारा. फोन ठेवल्यावर त्याची बायको त्याला म्हणाली, "तुम्ही असं बोलता हे मला आजच कळलं." लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेली. नवऱ्याचा एक आवाज तिनं कधी ऐकलेलाच नव्हता, कारण ज्यांच्याशी तो त्या आवाजात बोलायचा ती माणसंच मधल्या काळात हरवली होती. जुने सोबती भेटले की आपला असा एखादा बंद पडलेला भाग पुन्हा चालू होतो.

*

डबा. जर्मनचा, उभट, कडीचा. झाकणावर लाल ऑइल पेंटनं नाव, त्याखाली गाव, त्याखाली बोर्डिंगचं नाव. सकाळच्या एसटीनं यायचा. कंडक्टर तो आपल्या सीटखाली ठेवायचा आणि आम्ही स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचो. वर चार पदरी फडकं, आत ज्वारीच्या भाकरी, मधल्या वाटीत खर्डा नाहीतर झुणका, कडेला कच्चा कांदा. भाकरीच्या घडीत कधीमधी चिठ्ठी. आईला लिहिता येत नसे, म्हणून शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेली: 'तेल संपलं आसलं तर कळीव. रात्री उगं फिरू नको.' चिठ्ठीला वास भाकरीचा.

एसटी चुकली तर त्या दिवशी डबा नाही. पण उपाशी कुणी झोपल्याचं आम्हा कुणालाच आठवत नाही. सहा डब्यांत सात जण जेवायचे. कुणी कुणाला 'घे' म्हणायचं नाही, नुसता डबा पुढं सरकायचा. परवा भेटलो तेव्हाही हेच झालं. हॉटेलात ताटं स्वतंत्र आली आणि पाच मिनिटांत सगळ्या वाट्या टेबलाच्या मध्यभागी गेल्या.

*

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. हा गौरव फुकाचा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली आधी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. तिथं ब्राह्मणेतर मुलांचा निभाव लागेना. मग त्यांनी दुसरी वाट धरली: प्रत्येक समाजानं आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढावं, दरबार जागा देईल, इमारतीला मदत देईल, सालीना अनुदान देईल. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं. त्याच साली जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आजचं मुस्लिम बोर्डिंग. १९०७ मध्ये लिंगायत. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीच्या नावानं. पुढं दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार अशी रांगच लागली. १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग, महाराजांच्या अकाली गेलेल्या धाकट्या मुलाच्या नावानं.

शाळा होत्याच. पण खेड्यातला पोरगा शाळेपर्यंत पोचणार कसा, आणि पोचला तर रात्री अंग कुठं टाकणार? शहरात त्याला खोली कोण देणार, पंगतीला कोण घेणार? महाराजांनी नेमका हा अडसर ओळखला. आमच्यातला जो तो आज जिथं आहे, तो त्या एका ओळखण्यामुळं आहे, हे मी अगदी मनापासून लिहितो.

*

बोर्डिंगातल्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर आता पंचेचाळीस-पन्नास जण आहेत. पण मेळाव्याला यायचं म्हटलं की काही नावं गप्प होतात. कुणाची शेती बँकेकडं अडकलेली, कुणाचा मुलगा कामाविना घरी बसलेला, कुणी सगळं आयुष्य साखर कारखान्यात हंगामी कामगार म्हणून काढलेलं. "तुम्ही सगळी मोठी माणसं झालासा," असं त्यांच्यातला एक म्हणाला. ते ऐकून जीव तुटला. हा गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढं होता. दहावीला असताना बाप गेला आणि हा ट्रंक उचलून घरी गेला तो परत आला नाही. त्याच्या पुढ्यात आमची पदं कसली सांगता!

तेव्हापासून एक रीत पाडली आहे. जो येत नाही त्याच्या गावी आपण जायचं. दोघातिघांनीच जायचं, गाडी वेशीबाहेर लावायची, आणि तो बसवील तिथं बसायचं.

*

बायकांचं अवघडच असतं. माझी बहीण कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहात होती. तिच्या मैत्रिणी शोधायच्या म्हटलं तर लग्नानंतर आडनाव बदललेलं, गाव बदललेलं, कित्येकींचं नावसुद्धा सासरी बदललेलं. मुलगा त्याच्या गावात सापडतो. मुलगी तिच्या गावात नसते. शिवाय माहेरी आई-वडील राहिले नाहीत की पत्ता सांगणारंही कुणी उरत नाही.

तरी त्यांनी शोधलं. कुणाच्या भावाला गाठलं, कुणाच्या भावजयीला. एकीचा पत्ता तिच्या जुन्या शिक्षिकेच्या वहीतून मिळाला. पहिल्यांदा भेटल्या तेव्हा सगळ्यांनी एकमेकींना माहेरच्या नावानं हाक मारली. ते नाव घेणारी माणसं आता जगात थोडीच उरली आहेत, असं बहीण म्हणाली. पुरुषांच्या मेळाव्यांचे फोटो पेपरात येतात, फेटे बांधलेले. यांचे येत नाहीत. यायला हवेत.

*

स्मरणाचा अभ्यास करणारे सांगतात की चाळिशी-पन्नाशीनंतर मागं वळून पाहताना माणसाला सगळ्यात दाट आठवतो तो साधारण दहा ते तीस या वयातला काळ. पहिलेपणाचे पुष्कळ अनुभव त्याच वर्षांत येतात, आणि आपण कोण हेही तेव्हाच ठरत असतं. हे वाचलं तेव्हा वाटलं, बोर्डिंगात राहिलेल्याचा हा सगळा दाट काळ आई-बापांनी पाहिलेलाच नसतो. त्याला साक्षीदार फक्त सोबत राहिलेली पोरं. तापात कुण्या पोरानं उशाशी बसून रात्र काढली, नापास झाल्यावर कोण रंकाळ्यावर सोबत आलं, हे घरात कुणाला ठाऊक नाही. ते सोबती सुटले तर आपल्या आयुष्याचा तेवढा तुकडा कुणाच्याच ध्यानात राहत नाही.

*

भाऊराव पाटील विद्यार्थी असताना कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेले आणि परत आल्यावर विटाळाची अंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. तेव्हा तिथले अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, पुढं शाहू महाराजांचं चरित्र लिहिणारे. भाऊरावांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उभं केलं. त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एका पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये गांधीजी तिथं आले आणि छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं त्याचं नामकरण झालं. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं.

कोल्हापुरात जे घरोघर वेगळं होतं ते साताऱ्यात एका छपराखाली आलं. शिष्यानं पुढचं पाऊल टाकलं आणि त्या घराला गुरूचं नाव राहिलं. आमच्या पोरांच्या मेळाव्यांत ही गोष्ट दरवर्षी कुणीतरी सांगावी, असं मला फार वाटतं.

*

दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्याच्या आसपास जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, आणि हाकेच्या अंतरावर इतर काही. मधे रस्ता आणि कंपाउंडची भिंत. पोरांना भिंत कधीच आडवी आली नाही. चेंडू तिकडं जायचा, मग चेंडूमागं आम्ही. जैन बोर्डिंगातला एक दोस्त दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचा आणि मग आमच्याकडं अभ्यासाला यायचा. लसणाची चटणी त्याला चालत नसे, म्हणून त्याच्यासाठी बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी एकाच्या आईनं वेगळी पुडी बांधून धाडली होती. न बघितलेल्या पोरासाठी. ईदेला मुस्लिम बोर्डिंगातून किटलीभर शीरखुर्मा यायचा. दसऱ्याला सोनं लुटून झालं की चौकातल्या गर्दीत सगळी बोर्डिंगं एकमेकांच्या हातात आपट्याची पानं कोंबायची.

*

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आणि कृष्णा गावांत शिरल्या. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली. इकडं प्रयाग चिखली, आंबेवाडी. तोवर आमचा ग्रुप सणांच्या शुभेच्छांपुरताच होता. त्या आठवड्यात तो खऱ्या अर्थानं कामाला आला. 'शिरोळचा फोन लागत नाही' हा एक निरोप पुरला. आजऱ्याकडून तांदूळ निघाला, गारगोटीकडून अंथरुणं, पुण्यातल्यांनी औषधांचे पैसे पाठवले. शिरोळचा दोस्त म्हशी सोडून निघायला तयार नव्हता. त्याची समजूत घरच्यांना घालता आली नाही, ती एका जुन्या सोबत्याच्या शिव्यांनी घातली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मेळावे कशासाठी, असं आमची मुलं विचारतात. त्यांना मी हे सांगतो.

*

कागलला जवाहर नवोदय विद्यालय आहे. परीक्षा देऊन सहावीला पोरं-पोरी येतात, सगळ्या जिल्ह्यातली, सगळ्या जातीधर्मांची, आणि बारावीपर्यंत एकत्र राहतात. शिकणं, राहणं, जेवण सरकारी खर्चानं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणामुळं या शाळा देशातल्या बहुतेक राज्यांत पसरल्या. तिथली पोरं पुढं एकमेकांना 'नवोदयी' एवढ्याच ओळखीवर जीव लावतात. अनोळखी शहरात उतरले तरी आधी नवोदयवाला शोधतात. त्यांची तुकडी ही जिल्ह्याची तुकडी असते. हे पाहून बरं वाटतं, आणि आमच्यात काय राहून गेलं तेही दिसतं.

*

राहून गेलं ते हे. लहानपणी चेंडूमागं भिंत ओलांडणारे आम्ही, पण साठीच्या आसपास मेळावे भरवायला लागलो तेव्हा ज्याच्या त्याच्या बोर्डिंगचे भरवले. याच्या रजिस्टरात नाव असलेले इकडं, त्याच्या रजिस्टरातले तिकडं. बिनलसणाच्या चटणीचा धनी आमच्या कुठल्याच यादीत नाही. शीरखुर्म्याची किटली घेऊन येणारा कुठं असतो, आम्ही कुणी विचारलं नाही. मैत्री रजिस्टर बघून झाली नव्हती. मग भेट रजिस्टर बघून का?

यंदा ग्रुपवर हा विषय काढला. थोडी चर्चा झाली, एकदोघांनी "आधी आपलं नीट चालू दे" म्हटलं. तेही खोटं नाही. आपल्याच सोबत्यांना गोळा करताना दमछाक होते. पण बहुतेकांनी होकार भरला. ठरलं ते असं: प्रत्येकानं पलीकडच्या बोर्डिंगातला आपला एक तरी दोस्त शोधून काढायचा. २६ जूनला, शाहू जयंतीला, सकाळी पुतळ्याला हार घालून झाला की सगळ्यांनी एका सभागृहात जमायचं. भाषण एकच, तेही दहा मिनिटांचं. जेवण एकत्र. खर्च वर्गणीतून, आणि उरेल ती रक्कम सध्या बोर्डिंगात राहणाऱ्या ज्या पोराची मेसची फी थकली असेल त्याच्यासाठी, तो कुठल्याही बोर्डिंगचा असो.

महाराजांनी घरं वेगळी बांधली, कारण त्या काळी माणसं एका पंगतीला बसत नव्हती. आमच्या पिढीत बसायला लागली. शाहूंच्या गावात शिकलेल्यांनी तरी आता तसं बसून दाखवावं.