दोन पांढरे

बुलढाणा, एप्रिल

बैठकीसाठी दोनच रंग उरलेत: पिवळसर झाकेचा मोतिया आणि राखाडीकडे झुकणारा पांढरा. शेडकार्डावर दोन्ही जवळपास सारखेच. पण पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून ते भिंतीला टेकवले आणि फरक डोळ्यांत भरला. पश्चिमेचं ऊन आत आलं की राखाडी पांढरा खाली, कोटा फरशीजवळ, चक्क हिरवट दिसतो. फरशीवरून उसळलेला उजेड तिचा रंग घेऊनच भिंतीवर चढतो. मोतिया तिथे तग धरतो.

शेडकार्डाच्या मागे एलआरव्हीचा आकडा असतो. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे सगळा उजेड परत फेकणारा. उजेड किती परततो ते त्यावरून कळतं, झाक कळत नाही.

आजीला झाक कळायची. चिखलीकडच्या घरी भिंती आधी पांढऱ्या मातीनं पोतारायचे, पुढे चुना आला. त्या चुन्यात ती चिमूटभर नीळ टाकायची, म्हणजे पिवळेपणा मरतो आणि भिंत लख्ख दिसते. जास्त पडली की भिंत निळी. तिचं सगळं कसब त्या चिमटीत होतं. दुकानातल्या रंग मिसळणाऱ्या मशीनपेक्षा मला ते तसूभरही कमी वाटत नाही.

बैठकीला मोतियाच. लेक राखाडीवर अडून बसलीय, तिची खोली उत्तरेची. तिथल्या निळसर उजेडात तो आणखी थंड दिसेल, असं मी तिला सांगितलं. तिला तसाच हवाय. सोमवारी पेंटर पुट्टी घासायला येतोय.