चुकीच्या नावाचे अक्षर

गणिताच्या वर्गात खडू घेऊन उभे राहण्यात माझे आयुष्य गेले. पण एका अक्षरापुढे मी शेवटपर्यंत हात टेकले. रोमन लिपीतले ते एक वळणदार ‘पी’. डावीकडून डुलत येणारी रेघ, खाली उतरताना तिने घेतलेला लहानसा वेढा आणि वर उजवीकडे फुगलेले पोट. फळ्यावर ते मला कधी धड साधले नाही. कलकत्त्यातले माझे बंगाली विद्यार्थी मात्र ते सहज काढीत आणि माझ्याकडे पाहून गालात हसत.

हे अक्षर जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांच्या फलनाचे. साइन हे फलन एकाच दिशेने ठरावीक अंतरावर तीच मूल्ये पुन्हा घेते. हे फलन संमिश्र प्रतलावर दोन दिशांनी पुनरावृत्त होते. ओसरीवरच्या फरशीची नक्षी जशी आडवी पसरते आणि उभीही, तसेच हे. बर्लिनला प्राध्यापक होण्यापूर्वी वायरश्ट्रास कित्येक वर्षे लहान गावांतून शाळामास्तर होते. १८४२ पासून ज्या शाळेत त्यांनी शिकविले तेथे गणिताबरोबर व्यायाम आणि सुलेखनही त्यांच्याच गळ्यात पडले होते! हे वाचल्यापासून ते ‘पी’ मला कित्त्यातले वाटू लागले.

पुढे संगणक आले. जगातल्या अक्षरांना क्रमांक आणि नावे देणाऱ्या युनिकोड संहितेत या अक्षरालाही जागा मिळाली. पण नाव पडले ‘स्क्रिप्ट कॅपिटल पी’. वस्तुतः ते कॅपिटल नव्हेच, ते लहान लिपीतले अक्षर. चूक ध्यानात आली, पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून नियमच असा की, एकदा दिलेले नाव बदलावयाचे नाही. तेव्हा मूळ नाव तसेच राहिले आणि शेजारी टीप आली की, नावात काही असो, हे लहान अक्षर आहे. ‘वायरश्ट्रास विवृत्तीय फलन’ असे एक अधिकृत उपनावही त्याला जोडून दिले आहे.

ती टीप प्रथम वाचली तेव्हा मला दादांची आठवण झाली.

आमचे आडनाव काळे. मला शाळेत घातले तेव्हा कारकुनाने विचारले आणि दादांनी सांगितले. बंगालीत ‘ळ’ नाही. त्या भल्या माणसाच्या कानाला जे जवळचे वाटले ते त्याने लिहिले, आणि मी ‘काडे’ झालो. दादा दोनदा रजा काढून शाळेत गेले. नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही, असे उत्तर मिळाले; फार तर समासात लाल शाईने शेरा मारता येईल. दादांनी तोच मारून घेतला. दाखल्यावर मात्र शेरा उतरला नाही, आणि पुढच्या साऱ्या पदव्या काड्यांच्या नावे आल्या.

कॉलेजात असताना दादा एकदा म्हणाले, “अजून अर्ज करून पाहू या का?” मी नुकताच बीजगणिताच्या नादी लागलो होतो. मोठ्या ऐटीत म्हटले, “दादा, खूण कोणतीही घ्या, अर्थ ठरवून दिला म्हणजे झाले.” ते काही बोलले नाहीत. पानदान पुढे ओढून अडकित्त्याने सुपारी कातरीत बसले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

ते गेल्यावर त्यांच्या खात्यातली रक्कम आईच्या हाती यावी म्हणून वारसांचे कागद केले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी दोन्ही दाखले शेजारी ठेवले आणि सौजन्याने विचारले, “हे आपले कोण?”

मी मुलगा असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. काळे आणि काडे ही एकाच घराण्याची नावे आहेत, असे त्यात वकिलांनी इंग्रजीत लिहिले. सही करताना मी खाली देवनागरीत ‘काळे’ असे लिहिले. ‘ळ’ची गाठ मला नीट जमली नाही, कितीतरी वर्षांत ते अक्षर मी हाताने काढले नव्हते. वकिलांनी कागद परत केला आणि सही दाखल्याप्रमाणे हवी म्हणून सांगितले. दुसऱ्या प्रतीवर मी ‘काडे’ अशी सही केली. पहिली प्रत घडी घालून दादांच्या पानदानात ठेवली आहे.