काजव्यांचं झाड

रात्री झोप येत नाही तेव्हा मी एक झाड आठवतो. आजोळच्या ओढ्याकाठचं हिरड्याचं. मृग लागायच्या आधीची रात्र, वारा पडलेला, आणि झाडाच्या पानापानावर काजवे. सगळं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं, पुन्हा उजळायचं. डोळे मिटून ते दहा-बारा वेळा उजळू-विझू दिलं, की दिवसभराचं काहूर हळूहळू बसतं.

शाळेत वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सवरची कविता पाठ केली होती. वर्गात कोणीच ते फूल पाहिलेलं नव्हतं. आम्ही आपली शेवंती डोळ्यांपुढे आणायचो. एकटा भटकणारा कवी, तळ्याकाठची पिवळी फुलं, आणि पुढे कधीतरी घरात उदास पडलेला असताना मनात पुन्हा डोलू लागलेली तीच फुलं. पाहताना त्यांचं मोल कळलं नव्हतं, असं तो स्वतःच सांगतो.

पुढे कळलं, तो एकटा नव्हताच. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी बहीण डोरोथी त्याच्याबरोबर चालत होती. वारा सोसाट्याचा होता. काही फुलं दमल्यासारखी शेवाळल्या दगडांवर डोकं टेकून होती, हे तिनं रोजनिशीत टिपलं. कविता त्यानंतर दोन वर्षांनी झाली, छापली गेली १८०७ मध्ये. त्यातल्या मनाच्या डोळ्याविषयीच्या दोन ओळी पत्नी मेरीनं सुचवलेल्या. त्याच सर्वांत सरस, असं तोही म्हणे. तळ्याकाठी बहीण, शेवटच्या कडव्यात बायको, आणि कवितेत मात्र कवी एकटा!

हे वाचलं त्या रात्री ताईला फोन केला. म्हटलं, "ताई, ते काजव्यांचं झाड आठवतं गं?"

"न आठवायला काय झालं? माझा फ्रॉक मुठीत धरून भोकाड पसरलं होतंस. भूत आहे म्हणून."

माझ्या आठवणीत भीती नव्हती, रडणं नव्हतं, ताईही नव्हती. इतक्या वर्षांत सगळं गाळून निव्वळ उजेड तेवढा उरला होता. उदास माणसाला धीर देतो तो बहुधा असा गाळीव उजेडच. पण गाळताना कोण निसटलं, हेही कधीतरी विचारून घ्यावं.

आता ते झाड आठवलं की मुठीत फ्रॉकचं टोकही येतं. झोप त्यानं जरा लवकर लागते.