न्याहारीसह मुक्काम

लंडन, 18 जून 1957

ती. दादांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष,

पुढल्या उन्हाळ्यात वहिनींना घेऊन इकडे येण्याचा तुमचा निश्चय झाल्याचे वाचून अतिशय आनंद झाला. मुक्कामाची तजवीज कशी करावी असे तुम्ही विचारता. आणि रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीने पदरी पडणारे परकीय चलन किती बेताचे असते हे ध्यानी घेता तोच प्रश्न सर्वांत आधी सोडवला पाहिजे. मोठ्या हॉटेलांचा विचार करूच नये. या देशातला शिक्षक किंवा कारकून सुटीत प्रवासाला निघाला म्हणजे ज्या सोयीवर विसंबतो, तीच आपल्याला पुरेशी आहे: कोणी गृहिणी आपल्या राहत्या घरातील दोन-तीन खोल्या उतारूंना देते, सकाळी भरपेट न्याहारी वाढते, आणि त्यापुढचा दिवस ज्याचा त्याने पाहावयाचा. यालाच येथे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. माणशी एका रात्रीचे पंधरा शिलिंग, म्हणजे आपले दहा रुपये, हा दर लंडनबाहेर मला पुष्कळ ठिकाणी सांगण्यात आला. स्नानाच्या गरम पाण्याचा आकार कित्येक घरी निराळा असतो, तो आधी विचारून घ्यावा.

पत्ते मिळणे अवघड नाही. सहलीच्या गावांच्या नगरपालिका मार्गदर्शिका काढतात व त्यांत अशा घरांची नावे असतात. 1878 साली स्थापन झालेल्या सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबची यादीही भरवशाची आहे. घर निवडून पत्र घालावे, आणि सोबत टपाल कचेरीत मिळणारे आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन ठेवावे, म्हणजे उत्तराच्या तिकिटाचा भुर्दंड त्या बाईवर पडत नाही. तिचा होकार आला की इसाराची रक्कम मी येथून पोस्टल ऑर्डरने भरीन.

केझिक, 20 जुलै 1957

ती. दादांस सा. न. वि. वि.

पेनरिथला गाडी बदलून, डोंगरांमधून वळणे घेत येणाऱ्या लहानशा फाट्याने मी या सरोवरकाठच्या गावी आलो. खिडकीतून समोर स्किडॉ पर्वत दिसतो, आणि गल्लीच्या टोकाशी गेले की डरवेंटवॉटरचे पाणी. परंतु निसर्गवर्णन आज बाजूला ठेवतो. 1875 सालापासून दर जुलैत येथे ख्रिस्ती भाविकांचे मोठे संमेलन भरते. या दिवसांत तंबूंतून प्रवचने चालतात आणि घरोघरच्या खिडक्यांत ‘जागा नाही’ अशी पाटी असते. आगाऊ पत्राने खोली राखून ठेवली नसती तर मला येथे रात्र काढता आली नसती, म्हणून कोणत्या गावी कोणत्या महिन्यात काय भरते याची चौकशी करूनच तारखा ठरवाव्या.

पत्रात आपल्या आहाराचा स्पष्ट उल्लेख करावा, हे वहिनींसाठी मुद्दाम लिहितो. येथील न्याहारीत लापशीनंतर डुकराच्या मांसाचे काप आणि अंडे येते, आणि त्याच चरबीत पावाचाही तुकडा तळलेला असतो. तेव्हा मांस पानात घेतले नाही एवढ्याने शाकाहार पाळला जात नाही. मी हे सर्व अगोदर कळवले होते. येथील बाईंनी टोमॅटो आणि अळंबी निराळ्या तव्यावर, लोण्यात परतून दिली. ज्या देशात मे 1954 पर्यंत लोणी शिधापत्रिकेवर मोजून मिळत होते आणि काही दिवस राहणाऱ्या पाहुण्याला स्वतःचे शिधापुस्तक घरमालकिणीच्या स्वाधीन करावे लागत होते, त्या देशातील गृहिणीने परक्यासाठी लोणी सढळ हाताने वापरावे, याचे मोल मला फार वाटले.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना मन जड होते. वाटेत समुद्रकाठच्या एका गावी आगाऊ पत्र न घालता एका घराचे दार मी वाजवले. खिडकीत ‘खोली रिकामी आहे’ अशी पाटी होती. दार उघडणाऱ्या बाईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, खोली आताच दिली गेली असे सांगितले आणि दार लावून घेतले. पाटी जागची हलली नाही. हा अन्याय आहे आणि त्याला दुसरे सौम्य नाव देण्याची माझी तयारी नाही. 1943 साली वेस्ट इंडीजचे विख्यात क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना लंडनमधील एका हॉटेलाने वर्णावरून नाकारले. त्यांनी दावा लावला आणि 1944 साली तो जिंकला. तथापि तो निकाल खाणावळवजा खाजगी घरांना लागू पडत नाही. 1956 च्या हॉटेलविषयक कायद्याने हॉटेल कोणते ते सांगितले आहे: जो प्रवासी दाराशी येईल, योग्य दाम देण्यास समर्थ व राजी दिसेल आणि ज्याची अवस्था घरात घेण्याजोगी असेल, त्याला कोणताही विशेष करार न करता जे ठेवून घेते ते. आपण ज्या घरांत उतरणार ती या व्याख्येत बसत नाहीत. तेथे पाहुणा निवडण्याची मुभा घरमालकिणीला आहे, आणि ज्या करारावाचून आपला हक्क उत्पन्नच होत नाही, तो करार आपल्या पत्राने व तिच्या होकाराने घडतो. एकदा तो झाला म्हणजे तीही बांधली जाते आणि आपणही. ऐनवेळी बेत फिरवल्यास ती नुकसानभरपाई मागू शकते.

यास्तव माझा आग्रह असा की, पत्राखाली तुम्ही दोघांची नावे पूर्ण लिहावी, आपण हिंदुस्थानातून येत आहोत हे पहिल्याच ओळीत सांगावे, आगमनाचा दिवस व घटका कळवावी. काही पत्रांची उत्तरे येणार नाहीत. ती न आलेली पुण्यात बसून कळलेली बरी. पावसाच्या संध्याकाळी, हातात ट्रंक आणि शेजारी वहिनी उभ्या असताना कुणाच्या दारात कळू नये.

एडिंबरो, 29 ऑगस्ट 1957

ती. दादांस सा. न. वि. वि.

येथे 1947 पासून दर उन्हाळ्याच्या अखेरीस संगीत-नाट्याचा मोठा महोत्सव होतो आणि त्या तीन आठवड्यांत शहरात तीळ ठेवायला जागा राहत नाही. एरवी उतारू न ठेवणारी कुटुंबेही अशा वेळी एखादी खोली मोकळी करून देतात. तुम्हाला हा महोत्सव पाहावयाचा असल्यास फेब्रुवारीतच पत्रे जावयास हवीत. खोल्यांतील गॅसची शेगडी शिलिंगाचे नाणे मापकात टाकल्यावाचून पेटत नाही, आणि या उत्तरेकडील प्रदेशात ऑगस्टातही वहिनींना तिची गरज भासेल; तेव्हा सुटी नाणी जवळ बाळगावी. संध्याकाळचे जेवण बहुधा बाहेरच करावे लागते, परंतु स्कॉटलंडमध्ये पाच-सहाच्या सुमारास चहाबरोबर गरम पदार्थ व पाव-केक असे भरभक्कम खाणे मिळते, त्यावर रात्र सहज निभते.

केझिकच्या बाईंना मी तुमच्याविषयी सांगून ठेवले आहे. संमेलनाचे दिवस टाळून जून महिना त्यांना सोयीचा आहे. दर तोच राहील, मात्र दोघांची खोली एकच असल्याने तारखा नाताळापूर्वी कळाव्या अशी त्यांची इच्छा आहे. कॉलेजच्या रजेचा अर्ज मंजूर होताच मला लिहावे.

कळावे, कृपालोभ असावा ही विनंती.

तुमचा आज्ञाधारक बंधू