मेरिव्हेलचे दगड

या जूनमध्ये लेकीकडे प्लिमथला होतो. एका रविवारी जावई म्हणाले, "बाबा, चला, दगड बघून येऊ." मनात म्हटलं, दगडच बघायचे तर आपलं गाव काय वाईट होतं! असो, निघालो.

डार्टमूर म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हनमधलं ग्रॅनाइटचं उंच पठार. गवत, मेंढ्या आणि कान बधिर करणारा वारा. मेरिव्हेलला रस्त्यापासून थोडं चाललं की दगडांच्या दोन जोडओळी लागतात, साधारण पूर्व-पश्चिम. लांबची ओळ अडीचशे मीटरच्या वर. पण दगड बहुतेक गुडघ्याएवढे! माझा चेहरा पडलेला जावयांनी पाहिला असणार. मग ओळीच्या टोकाशी उभा राहिलो आणि गप्पच झालो. प्रार्थनेला पोरांची रांग सरळ करण्यात माझी तीस वर्षं गेली, ती पाच मिनिटं टिकत नसे. ही सुमारे चार हजार वर्षांपूर्वी लावलेली. पलीकडे दहा फुटांचा एकच दगड एकटा उभा, वर्गाबाहेर काढलेल्या उंच मुलासारखा.

ओळींजवळच ग्रॅनाइटच्या शिळांची एक पुरणपेटी आहे. तिच्या झाकणाचा मधला भागच नाही. 1860 च्या सुमारास कुणी फाटकाच्या खांबासाठी तो कापून नेला. जावई हळहळले. मी काही बोललो नाही.

आमच्या नागपूरजवळ, काटोल रस्त्यावर जुनापाणी आहे. तिथे लोहयुगातली शेकडो शिलावर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 मध्ये त्यांच्यावर लिहिलं. असली वर्तुळं विदर्भात बऱ्याच गावांच्या शिवारात सापडतात. आमच्याही वावरात एक होतं. मी दहा वर्षांचा असताना आजोबांनी त्यातले धोंडे गोठ्याच्या पायव्यात घातले. बंडी हाकायला मीच बसलो होतो, मोठ्या हौसेने. पुढे मास्तर झालो, मोहेंजोदडो दरवर्षी शिकवलं, पण एकाही वर्गाला जुनापाणीला नेलं नाही.

त्या रात्री गावी पुतण्याला फोन लावला. जुना गोठा पाडून टिनाचं शेड घालायचं चाललं आहे. म्हटलं, पायव्यातले काळे धोंडे फोडू नको, बाजूला काढून ठेव.

"कायले, काकाजी?"

"आल्यावर सांगतो," म्हटलं. दिवाळीनंतर जायचं आहे.