ताकाराझुकाची संध्याकाळ

ओसाकाहून हांक्यू रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासात ताकाराझुका. रेल्वे चालवणाऱ्या इचिझो कोबायाशी यांनीच 1913 मध्ये इथली ही संगीत नाटकमंडळी उभी केली. गाडीला प्रवासी मिळावेत, हाही हेतू होता. सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात. पुरुषभूमिका करणाऱ्या नट्या निराळ्या, नायिका करणाऱ्या निराळ्या, आणि बहुतेकींचं सारी कारकीर्द तेच.

नाट्यगृहात अडीच हजारांवर खुर्च्या, प्रेक्षक बहुतांशी बायकाच. मागच्या बाईंना नीट दिसावं म्हणून पाठ खुर्चीला टेकवून बसायचं, अशी सूचना होते आणि सगळ्या ती पाळतात. मला जपानी येत नाही, तरी कथा हरवली नाही. नायक हातमोजा काढत होता, एकेक बोट सैल करत, सावकाश, आणि शेजारच्या आजींनी दुर्बीण डोळ्यांवरून हलवली नाही. मला राहून राहून बालगंधर्व आठवत होते. तिथं पुरुषानं स्त्रीचं लावण्य दाखवलं, इथं स्त्री पुरुषाचा डौल घडवते. मेहनत त्याच जातीची. संगीत विद्यालयात दोन वर्षं शिकल्याशिवाय या मंचावर पाऊल पडत नाही. (2024 मध्ये या मंडळीनं ‘आरआरआर’ चित्रपटावरचं नाटकसुद्धा केलं. ते हुकलं याची हळहळ वाटते.)

शेवटी 26 पायऱ्यांचा जिना उजळतो. मुख्य नटी पाठीवर पिसांचा अवजड पसारा घेऊन उतरते, पायांकडे एकदाही न बघता. टाळ्या एका ठेक्यात पडतात. मीही त्यात मिसळले. पुढच्या आठवड्याचं तिकीट मिळतंय का, ते उद्या सकाळीच बघणार आहे.