चुरा

नानकटाई मोडली की ती आम्हा पोरांची, असा आमच्या सांगलीच्या घरचा कायदा होता. आईनं तो कधी बोलून दाखवला नाही, पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तो आपोआप लागू व्हायचा.

मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांतून घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत जायचं. तिथल्या ओट्यावर अर्धी गल्ली आधीच बसलेली असायची. परातीत तूप आणि साखर तळहातानं फेसायची, पार पांढरी होईपर्यंत. मग मैदा, वेलदोड्याची पूड, चिमूटभर सोडा. गोळे वळून काळ्या पत्र्यावर मांडायचे आणि पत्रा भट्टीवाल्या चाचांच्या हवाली करायचा. ते लांब दांड्याच्या फावड्यानं तो आत सारायचे आणि बाहेर काढायची वेळ घड्याळाकडे न बघता, नुसत्या वासावरून ओळखायचे. भाजणावळ किलोवर. पत्रे सगळे सारखेच, म्हणून ज्याची त्याची खूण ठरलेली. कुणाच्या नानकटाईवर चारोळी, कुणाच्या नुसता बोटाचा खळगा. आमच्या नानकटाईवर बेदाणा. तासगावचं आजोळ असल्यावर दुसरं काय असणार?

मग मोजणी. कुणाच्या घरी फराळाचं ताट जायचं, त्यात किती ठेवायच्या, सगळा हिशोब आईच्या डोक्यात. मोडलेल्या त्या हिशोबात धरल्या जात नसत. त्यांचा चुरा कागदाच्या पुडीत आमच्या हाती यायचा, अजून कोमट. भाऊ आणि मी तो चिमटीचिमटीनं पुरवत घरापर्यंत आणायचो. आणि आता सांगायला हरकत नाही, डबा जरा हिंदकळतच आणायचो.

पुढं लग्नाआधी एक वर्ष मी पाचगणीला एका निवासी शाळेत मराठी शिकवायला होते. हे गाव वसवलं जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं, एकोणिसाव्या शतकात. रस्त्याकडेच्या सिल्व्हर ओकचं श्रेयही त्यालाच देतात. साहेब गेला, पण त्याची काही पक्वान्नं शाळांच्या भटारखान्यांत मागं राहिली. एका शनिवारी रात्री, बाहेर धुकं इतकं दाट की जेवणघराच्या दिव्याभोवती कापूस पिंजल्यासारखा दिसत होता, आचाऱ्यानं मोठा चौकोनी पत्रा आणून ठेवला. वर तांबूस, खडबडीत, ढेकळं फोडलेल्या वावरासारखं काहीतरी. पोरं ओरडली, "भुगा! भुगा!" खरं नाव ॲपल क्रम्बल. पण पोरांनी ठेवलेलं नाव मला जास्त पटलं.

पहिला चमचा तोंडात गेला आणि मी दचकलेच. हा तर आमचा चुरा! वरचा थर तुपकट, खुसखुशीत, जिभेवर विरघळणारा. खाली आंबटगोड सफरचंद, गरम, रसात भिजलेलं. आमच्या घरी पुडीभर मिळणारी चीज इथं पत्राभर होती आणि ती मोडलेलीच करायची होती. मोजणार काय आणि कोण?

हा पदार्थ इंग्लंडात घरोघरी रुळला तो दुसऱ्या महायुद्धात. ८ जानेवारी १९४० पासून तिथं लोणी आणि साखर रेशनवर गेली. पायच्या पारीला लोणी भरपूर लागतं आणि ती लाटायला निगुतीही लागते. तेवढं लोणी आणायचं कुठून? मग होतं नव्हतं ते पिठात चोळायचं, परसातल्या फळांवर भुरभुरायचं आणि भट्टीत सारायचं. त्याच सुमारास इकडं साताऱ्यात त्याच साहेबाच्या राज्याला न जुमानता क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं, १९४३ ते १९४६. त्यातलं कुंडल गाव आज सांगली जिल्ह्यात येतं, पण तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे माहेर सांगली आणि सासर सातारा म्हणजे फार लांब दिलं असं म्हणता येत नाही. एकच कृष्णा दोन्हीकडे. फक्त नदी सासरहून माहेरी जाते आणि मी उलट आले.

साताऱ्यात शरद ऋतू वरून, डोंगरावरून उतरतो. कासच्या पठारावरची फुलं ओसरतात, यवतेश्वराच्या घाटातलं गवत पिवळं पडायला लागतं, दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटके देतं आणि रात्री मात्र पायाशी गोधडी लागते. सकाळी स्वयंपाकघरात तूप रवाळ झालेलं दिसलं की मला भुग्याची आठवण यायची. पण सफरचंदाचा करायचं मन होईना. सिमला-काश्मीरची पेटी आपल्या बाजारात याच दिवसांत येते हे खरं, तरी आपल्या गाड्यावर फळांचे ढीग असताना पाहुण्याला कशाला राबवायचं? स्ट्रॉबेरी म्हणावी तर महाबळेश्वरच्या वाफ्यांत तिची रोपं जेमतेम मूळ धरत असतात.

म्हणून पहिल्या वर्षी सीताफळ घेतलं. बिया काढता काढता दुपार गेली, आणि शिजल्यावर गर कडूझार. सीताफळाला आच सोसत नाही, बासुंदीतसुद्धा ते दूध निवल्यावरच घालतात, हे मला ठाऊक होतं. पण भट्टीत काही वेगळं घडेल असा उगाच भरवसा वाटला होता. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी बोटानं चाखलं आणि म्हणाल्या, "सीताफळ शिजवत्यात व्हय गं? त्ये देवानंच शिजवून धाडलंय."

डाळिंबाच्या वाटेला मी गेलेच नाही.

राहिला पेरू. आणि त्याच्याकडे मी इतकी वर्षं बघितलं कसं नाही, याचं आता नवल वाटतं. राजवाड्याच्या बाजूला हातगाडीवर, मीठ-तिखटाच्या डब्यासकट, तो रोजचा समोर असतो. रोजच्या माणसाचं होतं तेच त्याचं झालं. पेरूचं हे नावही बाहेरून आलेलं. पोर्तुगीज लोक नासपतीला पेरा म्हणतात. त्यांनी अमेरिकेतून आणलेलं हे फळ आकारानं तसंच दिसलं, म्हणून आपण त्याचा पेरू केला. म्हणजे साहेब नासपतीचा भुगा करतो आणि मी पेरूचा, तर नावापुरता दोघांचा पदार्थ एकच. आज बागांतून सर्रास दिसणारी सरदार नावाची जात, जिला बागायतदार एल-४९ म्हणतात, ती तर आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत १९२७ साली निवडलेली. मृग बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे हाती येऊ लागतात. पण मला गाडीवाल्याच्या टोपलीच्या तळाशी पडलेले देशी पेरू आवडतात, आतून गुलाबी, ओबडधोबड, एखाद्यावर पोपटाची चोच उमटलेली. ते कापायच्या आधीच घरभर होतात.

त्यांची बी मात्र सांभाळावी लागते. चार फाका करून मधला बियांचा गाभा चमच्यानं कोरून काढायचा. तो टाकायचा नाही. वाटीभर पाण्यात शिजवून गाळणीवर घोटायचा. पेरूत पेक्टिन भरपूर, म्हणून तर त्याची जेली इतकी छान लागते. हे गाळलेलं पाणी गुळाबरोबर आटवलं की लालसर, दाट पाक होतो. त्यात फाका, अर्ध्या लिंबाचा रस, किसलेलं जायफळ, दोन बोटांत मावेल इतकी मिरपूड आणि मीठ. मीठ विसरायचं नाही. पेरू आणि मीठ यांची जी शाळेपासूनची मैत्री आहे ती पक्वान्न झालं म्हणून तोडायची नसते. फाका पाकात पाचेक मिनिटं नुसत्या नरमवायच्या. पेरूच्या गराला जी बारीक कचकच असते ती शिजल्यावरही थोडी राहते, आणि राहू द्यावी. सफरचंद शिजलं की बिचारं सगळं सोडून देतं. पेरू आपला थोडा हट्ट राखून असतो.

आणि मूठभर बेदाणा. आमची खूण.

या बेदाण्याबद्दल थोडं लांबण लावते, आजोळचा विषय आहे. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत थॉमसन सीडलेसच्या वेलीवर निराळे, लांबट मणी हेरले आणि त्यातून तास-ए-गणेश ही जात आली. नावात तासगाव आहे आणि तिथला गणपतीही. उन्हाळ्याच्या तोंडावर ही द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. सालीवरचा मेणाचा थर विरळ होतो आणि मण्यातलं पाणी सावलीतच, नुसत्या वाऱ्यावर उडून जातं. दोन-तीन आठवड्यांत हिरवट सोनेरी बेदाणा तयार. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामानं फोन करून असं सांगितलं होतं जणू घरात बारसं आहे. हाच बेदाणा ऑक्टोबरात पेरूच्या गरम पाकात पडला की पुन्हा फुगतो. गेल्या उन्हाळ्यातली द्राक्षं थंडीच्या तोंडावर परत येतात.

आता भुगा. इथं मैदा मी घेत नाही, खपलीचं पीठ घेते. कृष्णेच्या खोऱ्यात, साताऱ्यापासून सांगली-बेळगावपर्यंत, हा गहू पूर्वीपासून पिकतो. त्याचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, मळणीत सुटत नाही, कांडावं लागतं. आमच्याकडे त्याची खीर व्हायची, मिरजेकडे तिलाच हुग्गी म्हणतात. खपलीच्या पिठाला चिकटपणा कमी, पोळीला ताण देताना तो दोष वाटतो. पण इथं नेमकं तेच हवं असतं. पिठाचे धागे जुळले की चुरा उरत नाही, नुसती चिवट पापडी होते. दोन वाट्या पीठ, पाऊण वाटी रवाळ गार तूप, पाऊण वाटी गुळाची पूड, चिमूट मीठ आणि मूठभर जाडसर दाण्याचं कूट. इंग्रज ओट घालतात, आपलं देशावरचं पोट दाण्याशिवाय मानत नाही. तूप पिठात फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लागला की ऊब लागते, तूप वितळतं, पीठ गोळा व्हायला बघतं. त्याला गोळा होऊ द्यायचं नाही.

हे शिकायलाच मला सगळ्यात वेळ लागला. दिवाळीचं आपलं सगळं शिक्षण उलट दिशेचं. लाडू वळला पाहिजे, करंजीची मुरड सुटता कामा नये, चकलीचं वेटोळं अखंड हवं. हातांना इतकी वर्षं जुळवायची सवय, ते आपसूक मूठ वळायला जातात. पहिल्या खेपेस परातीत बघितलं तर मी पाच-सहा सुबक मुटके करून ठेवले होते.

त्या वर्षी घरी ओव्हन नव्हता. मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवला, वर झाकण. केक असा होतो, भुगा होत नाही, कारण वाळूची सगळी आच खालून. पाऊण तासानं झाकण काढलं तर खाली पेरू रटरटतोय आणि वर पीठ फिक्कट, ओलसर, कोपऱ्यात रुसून बसल्यासारखं. आत्या दारातून बघत होत्या. काही न बोलता त्या न्हाणीघरात गेल्या, बंबातले निखारे जुन्या परातीत घेऊन आल्या आणि ती परात झाकणाऐवजी पातेल्यावर ठेवली. "वरनं बी जाळ लागतो त्येला," म्हणाल्या. आता ओव्हन आहे, एकशे ऐंशी अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं, कडेनं पाक वर येऊन बुडबुडायला लागला की झालं. पण बंबाच्या निखाऱ्यांवर जो तांबूसपणा आला होता तो काही मला पुन्हा साधलेला नाही. कदाचित त्यात धुराचा थोडा हात असेल.

त्या दिवशी बशीत वाढलं तेव्हा आत्यांनी चमच्यानं वरचा थर उकरून बघितला. "लाडू वळायचं राहिलं व्हय गं?"

"नाही आत्या, हे असंच असतं."

"मोडल्यालं?"

"मोडलेलंच."

त्यांनी एक घास घेतला. मग दुसरा. मग दुधाची साय मागितली, आणि साय घातल्यावर बोलणंच थांबलं. बाहेर शेजारच्या काकू मेथीची जुडी निवडत बसल्या होत्या. त्यांना हाक मारून आत बोलावलं आणि बशी पुढं सरकवत म्हणाल्या, "खा. पेरूचा चुरमा हाय, इंग्रजी."

तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव तेच आहे. कोजागरी झाली की आत्या गाडीवाल्याला तळातले पेरू काढायला लावतात आणि घरी आल्यावर मला सांगतात की गाड्यावर दुसरं काही चांगलं नव्हतं. वाढताना माझा मुलगा कडेचा तुकडा मागतो, जिथं पाक वर येऊन चुऱ्याशी करपलेला असतो. त्यावरून दरवर्षी भांडण. गेल्या वेळी त्या गडबडीत सगळ्यांच्या बश्या रिकाम्या झाल्या, मी डबा उचलला आणि मोरीत भिजत घालायला निघाले. आत्यांनी हात आडवा केला.

"खरवड तशीच हाय की," त्या म्हणाल्या. "आदी उलथनं आण."